थिबा राजवाडा: आधी घर, मग मैफल (एका पाव्हण्यांच्या टोळीची केस)

रत्नागिरीच्या कला संगीत महोत्सवाला येऊन गेलेल्या कोणालाही विचारा, थिबा राजवाडा बघितलात का, उत्तर ठरलेलं असतं, हो बघितला की, दोन-तीन तास त्याच्यासमोरच तर बसलो होतो. आत गेलात का विचारलं की मात्र चेहरा बघण्यासारखा होतो. आत? आत काय आहे?

तर केस हीच आहे. मी रत्नागिरीची. जानेवारीत राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल या संस्थेचा हा महोत्सव असतो आणि तेव्हा पुण्या-मुंबईकडची मंडळी आमच्याकडे येतात, मासे खातात, आंब्याचा मोहोर बघून फोटो काढतात, रात्री शाली गुंडाळून मैफल ऐकतात आणि परत जातात. तक्रार काहीच नाही, या निमित्ताने तरी येतात. पण ज्या घराच्या भिंतीवर रंगीत लाइट टाकून मागचा देखावा केलाय ते घर कोणाचं, कोणी कोणासाठी बांधलं, त्यात राहणाऱ्याला गेटबाहेर जायची परवानगी होती की नाही, हे कोणाच्या गावीही नसतं. म्हणून गेल्या खेपेला ठाण्याहून मावसभावाची फॅमिली आली तेव्हा मी क्रमच उलटा करायला लावला, आधी दुपारी राजवाडा आतून आणि मग संध्याकाळी मैफल. काय जमलं, काय नाही ते नीट लिहून ठेवतेय, कारण उत्सवाच्या दिवसांत जुन्या घराचं म्युझियम बघायचं कसं ही अडचण सगळीकडचीच आहे.

मंडळी कोण होती

दादा म्हणजे मावसभाऊ, बँकेत. वहिनी. त्यांची मुलगी बारावी झालेली, मुलगा सातवीत. वहिनीचे वडील, त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, गुडघे दुखतात पण बसून राहायला सांगितलं की चिडतात. आणि त्यांच्या बिल्डिंगमधल्या एक काकू, ज्या फक्त गाण्यासाठी आल्या होत्या आणि ते त्यांनी जनशताब्दीतून उतरल्या उतरल्या सांगून टाकलं.

दादाने एका टूरवाल्याकडून कार्यक्रम आखून घेतला होता, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आलेली. सकाळी गणपतीपुळे, येताना आरे-वारे बीच, जेवण, आराम, संध्याकाळी साडेसहाला "थिबा पॅलेस, बाहेरून, २० मिनिटे, फोटो" आणि मग महोत्सव. आता साडेसहाला म्युझियम उघडं नसणार हे त्या टूरवाल्याला माहीत असणारच, म्हणूनच तर बाहेरून लिहिलं होतं ना. म्हणजे ज्या दिवशी माणूस राजवाड्यासमोर सगळ्यात जास्त वेळ असणार त्याच दिवशी तो आत जाणार नाही, अशी पक्की व्यवस्था. आणि हे एकाच टूरवाल्याचं नाही, मी पाहिलेल्या बहुतेक सगळ्या कार्यक्रमांत असंच असतं.

राजवाड्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे आणि सरकारी म्युझियमची वेळ ऑफिसची असते, संध्याकाळी पाचच्या सुमारास दार बंद आणि सोमवारी सुट्टी. मैफल सुरू होते अंधार पडताना. या दोन्हीच्या मधे जो दीड-दोन तासांचा खड्डा पडतो त्यात बहुतेक पाव्हणे हॉटेलवर कपडे बदलत असतात. मी काय केलं, गणपतीपुळे दुसऱ्या दिवशी ढकललं, जेवण लवकर उरकलं आणि तीनच्या आसपास सगळ्यांना दोन रिक्षांत घालून राजवाड्यावर नेलं. दादा कुरकुरला, "अगं पैसे भरलेत गाडीचे." म्हटलं गाडी उद्या वापर.

गेटवर काय सांगितलं

सगळा इतिहास गेटवर उभं राहून सांगायचा नाही हे माझं जुनं धोरण आहे, उन्हात माणूस ऐकत नाही. थोडक्यात एवढंच सांगितलं. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा, कोनबाँग घराण्यातला, १८७८ मध्ये गादीवर आला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली, लढाई अशी झालीच नाही म्हणायला हरकत नाही, पंधरा दिवसांत कारभार आटोपला. राजा तेव्हा सव्वीस वर्षांचा. त्याला आणि राण्यांना बोटीत घालून आधी रंगून, मग मद्रास आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये इथे, रत्नागिरीला.

मुलाने लगेच विचारलं, "रत्नागिरीलाच का?" बरोबर प्रश्न आहे. कारण इथे यायला तेव्हा रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटी बंद म्हणजे चार महिने जगाशी संबंध तुटल्यासारखाच, आणि ब्रह्मदेशातून इथवर कोणी राजाला सोडवायला येणं शक्य नव्हतं. दूर, शांत आणि अडचणीचं. (हेच वर्णन आता रिसॉर्टवाले जाहिरातीत करतात, ते सोडा.) इंग्रजांना ही पद्धत नवीन नव्हती, सत्तावनच्या उठावानंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये त्यांनी रंगूनला नेऊन ठेवलं आणि तो तिथेच १८६२ मध्ये गेला. इथला राजा तिकडे, तिकडचा इकडे.

आणि अजून एक गोष्ट जी मी मुद्दाम सांगते, कारण नाहीतर लोक राजवाडा बघून फक्त हळहळतात. हा थिबा काही गरीब गाय नव्हता. तो गादीवर आल्यावर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या कितीतरी लोकांची कत्तल झाली, गादीला कोणी दुसरा वारस उभा राहू नये म्हणून. कोणी म्हणतं हे राणी सुपयालत आणि तिच्या आईने घडवलं, कोणी म्हणतं मंत्र्यांनी, पण राजा तोच होता. हे माहीत असलं की आत गेल्यावर नुसती दया येत नाही, जरा विचार पण होतो.

आत

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे की घर रिकामं आहे. म्हणजे म्युझियम आहे, खालच्या दालनांत दगडी शिल्पं आहेत, राजाशी संबंधित थोड्याफार गोष्टी आहेत, फोटो आहेत, पण राजा राहत होता तसं सजवलेलं घर बघायला मिळेल या अपेक्षेने आलेला माणूस दहा मिनिटांत बाहेर पडतो. वहिनी तशीच निघाली होती. सातवीतला तर शिल्पांच्या दुसऱ्या रांगेलाच गळाला, मोबाईल काढला.

माझं म्हणणं असं की या घरात वस्तू बघायच्याच नाहीत, घर बघायचं. जांभ्याच्या आणि विटांच्या भिंती, उतरती छपरं, अर्धगोल नक्षीच्या लाकडी खिडक्या आणि त्यांना रंगीत काचा. दुपारी तीन-साडेतीननंतर ऊन तिरकं व्हायला लागतं आणि पश्चिमेकडच्या काचांमधून तांबडे, निळे, हिरवे तुकडे खाली फरशीवर पडतात. ते मुलाच्या पांढऱ्या टीशर्टवर पडले आणि मोबाईल खिशात गेला, म्हणजे तसा परत निघाला पण फोटो काढायला. मग तो ऊन सरकेल तसा सरकत राहिला, एकाच खिडकीपाशी पाव तास तरी असेल. हे संध्याकाळी साडेसहाला "बाहेरून" बघणाऱ्याला मिळणं शक्यच नाही, आणि मैफलीच्या वेळी त्याच खिडक्यांवर बाहेरून जांभळा एलईडी मारलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो काकांमुळे, लाकडापाशी. जिन्यावर आम्ही त्यांना चढू नका म्हणत होतो, ते कठड्याला हात लावून उभे. नख फिरवलं, वास घेतला, आणि म्हणाले, "हा साग आमच्या जुन्या डब्यांत असायचा. साठ-सत्तर वर्षं झालेला तुकडा रंधला तरी आतून तेल निघायचं." राजवाड्याचा साग ब्रह्मदेशातूनच आणला असं इकडे सगळे सांगतात. मग मी त्यांना राहून गेलेला भाग सांगितला, जो मी नेहमी जिन्याजवळच सांगते.

लढाई सुरू व्हायला निमित्त झालं ते सागाचंच. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणून कंपनी, नावातच आपली मुंबई, १८६० च्या दशकात निघालेली, उत्तर ब्रह्मदेशातल्या जंगलांतून साग तोडून न्यायची. राजाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिच्यावर ठपका ठेवला की तुम्ही ओंडके कमी दाखवून आमचा पैसा बुडवलात, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोकला. कंपनीने इंग्रज सरकारकडे धाव घेतली. सरकारला उत्तर ब्रह्मदेश हवाच होता, फ्रेंच तिकडे हातपाय पसरतायत ही भीती होती, त्यात हे आयतं कारण मिळालं. निर्वाणीचा खलिता गेला, मग फौज गेली. म्हणजे ज्या लाकडाच्या हिशेबावरून राज्य गेलं त्याच जातीच्या लाकडाचा जिना त्याच्या कैदेच्या घरात, त्याच सरकारच्या खर्चाने.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग विचारलं, "ओंडके खरंच कमी दाखवले होते का?" वर्कशॉपचा माणूस, स्टॉकबुकच आठवणार. म्हटलं काका, भांडणाचं मूळ तेच, कंपनी नाही म्हणत होती, दरबार हो म्हणत होता, आणि चौकशी व्हायच्या आधी तोफा पोचल्या.

वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा हॉल आहे, दरबारासाठी किंवा समारंभासाठी असावा तसा. (वरचे सगळे भाग नेहमी खुले असतातच असं नाही, गेल्यावर विचारायचं.) तिथे मुलगी मधोमध उभी राहून म्हणाली, "आत्या, पण दरबार भरवायचा कोणाचा? त्याची माणसं तर सगळी तिकडे." मला वाटतं अख्ख्या भेटीतलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच. या घराला राजवाडा म्हणतात, त्याचा नकाशाही राजवाड्यासारखा आहे, राजाने स्वतः त्यात लक्ष घातलं होतं, पण त्याच्यावर नजर ठेवायला सरकारचा पोलीस अधिकारी असायचा, बाहेर जायचं तर परवानगी, कोण भेटायला येणार त्याची परवानगी, पैसे किती मिळणार ते सरकार ठरवणार, आणि ते पुरायचे नाहीत म्हणून दागिने विकले जायचे. मोठं माणिक, नगामौक नावाचं, मंडाले सोडताना स्लॅडन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे सांभाळायला दिलं असं राजाचं म्हणणं, ते परत मिळालंच नाही. त्याच्यासाठी अर्ज करत राहिला बिचारा, वर म्हटलं होतं गरीब गाय नव्हता, तरी इथे बिचारा म्हणावंसं वाटतंच.

आणि एक हिशेब जो पाटीवर वाचला तरी लक्षात राहत नाही. राजवाड्याचं बांधकाम १९०६ ते १९१० मधलं. राजा १८८६ मध्ये आला. म्हणजे आधीची चोवीस वर्षं तो इथल्या बंगल्यांतच होता, चार मुली तिथेच मोठ्या झाल्या, आणि या घरात तो राहिला फक्त सहा वर्षं, १९१६ च्या डिसेंबरात गेला. धाकटी राणी सुपयागले १९१२ मध्येच गेली होती. थोरली सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परत जाऊ शकली. म्हणजे ज्याला आपण थिबाचं घर म्हणतो ते त्याच्या रत्नागिरीतल्या तीस वर्षांतला शेवटचा तुकडा आहे. मुलगी म्हणाली, "मग आयुष्यभर भाड्याच्या घरात आणि फ्लॅटचा ताबा रिटायरमेंटला." दादाचं हाऊसिंग लोन चालू आहे, तो जोरात हसला.

खाली उतरल्यावर मागच्या बाजूची बुद्धमूर्ती बघितली. तिथे वहिनी जी बसली ती उठेना, दहा मिनिटं शांत बसायला मिळालं हेच तिला राजवाड्यातलं सगळ्यात आवडलं असं नंतर म्हणाली. चालायचंच, ज्याला जे मिळेल ते.

मोठ्या मुलीची गोष्ट मी तिथेच सांगितली, कारण ती ऐकायला वहिनीचा कान लागतो. थोरली राजकन्या, फाया जी, तिचा राजाच्या आधीच्या बंगल्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या दरवानावर जीव जडला. त्याचं आधीच लग्न झालेलं. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. राजा गेल्यावर कुटुंब ब्रह्मदेशात परतलं पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच, अगदी हलाखीत, १९४७ मध्ये वारली. टूटू तर पूर्ण रत्नागिरीकरच झाली, इथेच लग्न, इथेच संसार, मराठी बोलणारी, २००० सालापर्यंत होती. आमच्या आधीच्या पिढीतल्या लोकांनी तिला बाजारात बघितलेलं आहे. वहिनी एवढंच म्हणाली, "आणि त्या सावंताच्या पहिल्या बायकोचं काय झालं?" तिचं नाव राजवाड्याच्या गोष्टीत कोणी घेत नाही, हे खरं.

संध्याकाळ

पाचला बाहेर पडलो. तो दीड-दोन तासांचा खड्डा भरायला थिबा पॉइंट जवळच आहे, खाली भाट्याची खाडी, समोर समुद्र, सूर्यास्त, भेळवाले. काकांना चालवत नव्हतं म्हणून रिक्षा. कपडे बदलायला घरी जायचंच नाही हे आधी सांगून ठेवलं होतं, शाली आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर घेतल्या. जानेवारीत रात्री उघड्यावर दव पडतं, डोक्यावर काहीतरी हवंच, हे महोत्सवाला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते आणि प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी शिंकतो.

मैफल सुरू झाली, मागे राजवाडा उजळलेला. आता इथे काही चमत्कार झाला असं मी लिहिणार नाही. गाणं गाण्यासारखं छान झालं. पण फरक दिसला तो लहान गोष्टींत. मध्यंतरात पुढच्या रांगेतल्या कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, हा वाडा शिवाजी महाराजांच्या काळातला का हो, तर आमचा सातवीतला मागून ताडकन म्हणाला, "नाही काका, १९१० चा आहे, आणि तो बर्माच्या राजाला कैद करायला बांधलाय, त्या वरच्या खिडकीत आम्ही दुपारी होतो." मग ते काका वळूनच बसले आणि मध्यंतर संपेपर्यंत याचं लेक्चर. दादा, जो दुपारी गाडीच्या पैशांवरून कुरकुरत होता, त्यात सागाचा मुद्दा घालत होता, २३ लाखाचे आजचे किती होतील वगैरे बँकवाल्याची गणितं.

उलट बाजूही लिहायला हवी. गाण्यासाठी आलेल्या काकूंना हा सगळा प्रकार नापसंत होता. दुपारची झोप गेली, पाय दुखले, आणि दुसऱ्या कलाकाराच्या विलंबित ख्यालात त्यांना डुलकी लागली, ज्याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, "मला सूर ऐकायला राजा कशाला लागतो? तुझं घर तू सकाळी दाखव, मैफलीच्या दिवशी नको." आणि मला ते पटलं. वयस्कर माणसं असतील तर आतली भेट महोत्सवाच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणं चांगलं, खिडकीतलं तिरकं ऊन चुकेल पण रात्र वाया जाणार नाही.

दुसरा दिवस आणि मंडाले

टूरवाल्याच्या पीडीएफमध्ये दुसऱ्या दिवशी "टिळक जन्मस्थान" होतंच, तेही १५ मिनिटं. टिळक आळीतलं ते घर, उतरत्या कौलांचं, जांभ्याचं, थिबाच्या राजवाड्यापुढे अगदी साधं. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेलं. आता बहुतेक लोक ही दोन घरं वेगवेगळी बघतात, एक राजाचं एक स्वातंत्र्यलढ्याचं. पण आदल्या दिवशी थिबा झालेला असला की टिळकांच्या घरात मंडाले हा शब्द ऐकून कान टवकारतात.

१९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं कुठे, तर मंडालेला. १९१४ पर्यंत ते तिथल्या तुरुंगात होते, गीतारहस्य तिथेच लिहिलं. त्याच सहा वर्षांत इकडे त्यांच्या जन्मगावात मंडालेचा राजा नव्या घरात राहायला आला होता. रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेचा रत्नागिरीत, दोघांचा जेलर एकच. हे ऐकून काका जन्मस्थानाच्या ओटीवर बसून म्हणाले, "म्हणजे बदली केल्यासारखं केलं की त्यांनी." सावरकरांची १९२४ पासूनची स्थानबद्धता पण याच गावात. कोणाला जगापासून बाजूला ठेवायचं तर रत्नागिरी, असं त्या सरकारचं बराच काळ चाललं होतं, आणि आज आम्ही रेल्वे लेट झाली म्हणून ओरडतो.

राजाची कबर शहरातच आहे, घरांच्या दाटीत, ती मंडळींनी गणपतीपुळ्याला जाताना बघितली, गाडीचे पैसे वसूल. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन इथे नमस्कार करून गेले. मुलाला ते फार भारी वाटलं की एका देशाचा अध्यक्ष आपल्या या गल्लीत आला होता.

यातून मला काय वाटतं

अशा घरांपुढे उत्सव भरवू नये असं म्हणणारेही लोक आहेत, वास्तू खराब होते, दारं-खिडक्यांना वायरी बांधतात वगैरे. काळजी घ्यावी हे मान्य. पण मी त्या बाजूची नाही. वर्षभर या आवारात संध्याकाळी कुत्रं फिरकत नाही, महोत्सवाच्या दिवसांत हजारो डोळे त्या भिंतीकडे असतात. मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९ पासून चालतो, डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत कार्यक्रम होतात म्हणून कितीतरी लोक आयुष्यात पहिल्यांदा त्या इमारतीच्या दारातून आत गेले असतील. माणसं दारापर्यंत आणायचं अवघड काम उत्सव करतोच, उरलेली दहा पावलं कोणी न्यायची एवढाच मुद्दा आहे.

मैफलीच्या दिवशी म्युझियम रात्रीपर्यंत उघडं ठेवा असं म्हणणं सोपं आहे. बर्लिनमध्ये १९९७ पासून म्युझियमची लांब रात्र म्हणून प्रकार आहे, मध्यरात्रीनंतरही दारं उघडी, पुढे युरोपभर पसरला. पण शंभर वर्षं उलटलेलं लाकडी जिन्यांचं घर, त्यात एकदम दोन-तीनशे माणसं चढली तर जिन्याचं काय, आगीचं काय, पहारेकरी किती लागणार, हे सगळं आलं. त्यापेक्षा त्या दिवसांत पंधरा-वीस जणांच्या छोट्या तुकड्या, सहापर्यंत, आधी नाव नोंदवून, असं काही जमलं तर पुरे. आणि तेही नसेल तर निवेदकाने कलाकाराची ओळख करून द्यायच्या आधी घराची ओळख करून द्यावी, पाच मिनिटं, साग, दंड, तीस वर्षं, सहा वर्षं. श्रोते बसलेलेच असतात, पळून कुठे जातात.

टूरवाल्यांकडून मला फार आशा नाही, त्यांना बाहेरून २० मिनिटं हेच परवडतं. यजमानांकडून आहे. आमच्यासारख्या ज्यांच्याकडे पाव्हणे येतात त्यांनी गावातला कार्यक्रम स्वतः लिहून द्यायचा, गाडीवाल्याला फोन करून क्रम बदलायला सांगायचा, तो बदलतो, त्याला काहीच फरक पडत नाही. मुलं बरोबर असतील तर शिल्पांपासून सुरुवात करायची नाही, खिडक्यांपासून करायची. गुडघेवाले असतील तर त्यांना खाली एकटं बसवून वर जायचं नाही, जिन्याच्या खालच्या पायरीपाशीच सगळ्यांनी थांबायचं, अर्धी गोष्ट तिथलीच आहे. आणि गाण्यासाठी आलेल्या माणसाला झोपू द्यायचं.

दादाचा परवा मेसेज आला, पुढच्या जानेवारीत पुन्हा येतोय, या वेळी काकूंच्या ओळखीच्या तिघी पण आहेत, महोत्सव संपल्यावर एक दिवस जास्त राहून राजवाडा बघू. तारीख बघितली तर तो दिवस सोमवार. परतीची तिकिटं अजून काढली नसशील तर मंगळवारची काढ म्हणून कळवलंय.